तक्त्यातली एक ओळ : सेरुलोप्लाझ्मिनच्या चाचणीविषयी

दोन वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात आनुवंशिकतेवरचे आमचे व्याख्यान संपले आणि एक शिक्षिका दोन कागद घेऊन आमच्याकडे आल्या. कागद त्यांच्या भाच्याच्या रक्ततपासणीचे होते. मुलगा अकरा वर्षांचा, चांगला खेळताबागडता. त्याच्या थोरल्या बहिणीला मात्र सहा महिन्यांपूर्वी विल्सनचा आजार असल्याचे निदान झाले होते, म्हणून डॉक्टरांनी धाकट्याचीही तपासणी करायला सांगितली होती. पहिल्या कागदावर सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाचे प्रमाण ०.१८ असे छापले होते आणि आकड्यापुढे 'कमी' असा शेरा होता. महिन्याभराने दुसऱ्या प्रयोगशाळेत केलेल्या तपासणीत तेच प्रमाण २४ आले होते आणि पुढच्या रकान्यात 'सामान्य' असे लिहिले होते. ०.१८ वरून २४! घरच्यांना वाटले, महिन्याभरात प्रथिन शंभरपटीहून अधिक वाढले, संकट टळले.

"सर, ह्यातला खरा कोणता?" बाईंनी विचारले.

आम्ही त्यांना आधी एवढेच सांगितले की पहिला आकडा लिटरमागे ग्रॅममध्ये आहे आणि दुसरा डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये. म्हणजे ०.१८ हे दुसऱ्या मापात १८ होतात. वाढ झाली ती १८ वरून २४, शंभरपट मुळीच नव्हे. त्यावर बाईंचा पुढचा प्रश्न आला, आणि या लेखाचे निमित्त खरे तर तोच आहे. त्यांच्या वहीत स्पर्धा परीक्षांच्या एका मार्गदर्शक पुस्तकातून उतरवून घेतलेला तक्ता होता. डावीकडे रोगाचे नाव, उजवीकडे 'कशाचा अभाव'. स्कर्व्ही – क जीवनसत्त्व. गलगंड – आयोडीन. मुडदूस – ड जीवनसत्त्व. आणि खाली कुठेतरी, विल्सनचा आजार – सेरुलोप्लाझ्मिन. "अभाव भरून निघाला म्हणजे आजार नाही, असेच ना?" त्यांनी विचारले.

त्या तक्त्याला नावे ठेवण्याचा आम्हाला तितकासा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात ही ओळ आम्हीही अशाच थाटात म्हटली होती. पण ती चूक आहे. आजाराचे कारण म्हणून ती चूक आहे आणि आजार ओळखण्याची खूण म्हणून अर्धवट आहे. या दोन चुका एकमेकींना आधार देतात, म्हणून त्या वेगवेगळ्या करून पाहायला हव्यात.

प्रथम हे प्रथिन म्हणजे काय ते पाहू. १९४८ साली स्वीडनमध्ये होल्मबर्ग आणि लॉरेल या दोघांनी रक्तातून तांबे असलेले एक निळे प्रथिन वेगळे केले आणि आकाशाच्या निळ्या रंगासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव ठेवले. त्याच्या एका रेणूत तांब्याचे सहा अणू घट्ट बसवलेले असतात आणि निळा रंग येतो तो त्यांच्यामुळेच. एरवी रक्तद्रवाच्या पिवळेपणात तो लपून जातो. पण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रथिन वाढते आणि त्यांचा रक्तद्रव कधीकधी चक्क हिरवट दिसतो. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे चित्रकलेच्या तासाला शिकवले जातेच. रक्तपेढीत काम करणाऱ्यांना हा रंग परिचयाचा असतो.

रक्तद्रवातल्या तांब्याचा फार मोठा भाग, निरोगी माणसात नव्वद टक्क्यांच्या आसपास, या प्रथिनात असतो. त्यामुळे हे प्रथिन म्हणजे तांब्याची वाहतूक करणारी गाडी, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. विल्सनच्या आजारात यकृतात आणि मेंदूत तांबे साठते, हे तोवर कळून आले होते. त्यात १९५२ साली शाइनबर्ग आणि गिटलिन यांनी दाखवले की या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन फार कमी असते. मग सगळे आपोआप जुळले : गाड्या कमी, म्हणून माल तुंबला, म्हणून आजार झाला. तक्त्यातल्या ओळीचे मूळ इथे आहे. त्या काळच्या संशोधकांना दोष देण्याचे कारण नाही. हाती असलेल्या पुराव्यावर याहून सरळ अनुमान कोणी केले असते?

पण अडचणी लवकरच दिसू लागल्या. ज्यांचे सेरुलोप्लाझ्मिन बरेच कमी आहे त्यांचा आजार अधिक तीव्र असावा, तसे आढळेना. काही रुग्णांचे प्रमाण तर सर्वसामान्य माणसाइतके निघे. पुढे जनुकांचा शोध लागला तेव्हा या कल्पनेचा पायाच निखळला. १९८५ मध्ये विल्सनच्या आजाराचा संबंध तेराव्या गुणसूत्राशी जोडला गेला. सेरुलोप्लाझ्मिन घडवण्याचा आराखडा असलेला जनुक मात्र तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे बिघाड या प्रथिनाच्या जनुकात नव्हताच. १९९३ मध्ये खरा जनुक हाती लागला. त्याचे नाव एटीपी७बी. तो सांगतो ती कृती तांब्याच्या एका पंपाची, आणि हा पंप यकृताच्या पेशीत काम करतो.

हा पंप दोन कामे करतो. नव्याने घडत असलेल्या सेरुलोप्लाझ्मिनमध्ये तांब्याचे अणू भरले जावेत म्हणून त्यांचा पुरवठा करायचा, हे एक. आणि पेशीत जादा झालेले तांबे पित्तात ढकलायचे, म्हणजे ते आतड्यावाटे शरीराबाहेर जाईल, हे दुसरे. एखाद्या खेड्यातल्या टपाल कार्यालयात एकच कारकून जाणाऱ्या पाकिटांवर शिक्के मारतो आणि संध्याकाळी जादा पोती गाडीत चढवतो, अशी कल्पना करा. तो आजारी पडला तर गावात शिक्का मारलेली पाकिटे दिसेनाशी होतील, आणि कार्यालयात पोत्यांचा ढीग लागेल. पण ढीग लागला तो शिक्क्याची पाकिटे कमी झाली म्हणून नव्हे. दोन्ही गोष्टी कारकून नसल्यामुळे झाल्या. सेरुलोप्लाझ्मिन कमी होते ते असे. तांबे न भरलेले प्रथिनही रक्तात येते, पण टिकत नाही. तांबे भरलेल्या प्रथिनाचे अर्धे आयुष्य सुमारे साडेपाच दिवस, तर रिकाम्याचे जेमतेम पाच तास. म्हणून मोजायला गेले की प्रमाण कमी भरते.

आता ज्यांच्या मनात अजून शंका असेल त्यांच्यासाठी निसर्गाने स्वतःच एक प्रयोग करून ठेवला आहे. १९८७ साली मियाजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधल्या एका स्त्रीची हकीगत प्रसिद्ध केली. तिच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन जवळजवळ नव्हतेच. पुढे अशी आणखी कुटुंबे सापडली आणि बिघाड याच प्रथिनाच्या जनुकात असल्याचे १९९५ मध्ये सिद्ध झाले. तक्ता खरा असता तर या लोकांना विल्सनचा आजार सर्वांत तीव्र व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांच्या यकृतात तांबे साठत नाही. साठते ते लोखंड : यकृतात, स्वादुपिंडात, मेंदूत. मधुमेह होतो, डोळ्याचा पडदा झिजतो, मध्यमवयात हालचालींवरचा ताबा सुटू लागतो. कारण सेरुलोप्लाझ्मिनचे मुख्य काम तांब्याची ने-आण हे नसून लोहाच्या अणूचे ऑक्सिडीकरण करणे हे आहे. तसे झाल्याखेरीज लोह पेशीतून बाहेर पडून आपल्या वाहक प्रथिनावर नीट चढू शकत नाही. हे काम १९६६ मध्येच ओसाकी, जॉन्सन आणि फ्रीडन यांनी परीक्षानळीत दाखवले होते. वीस वर्षांनी रुग्ण सापडले आणि त्या कामाचे मोल कळले.

अभावाच्या तक्त्यात मुळात काय खटकते, ते इथे नेमके सांगता येते. क जीवनसत्त्व आणि स्कर्व्ही यांच्यात जे नाते आहे ते 'हे नाही म्हणून ते झाले' असे सरळ आहे, आणि लिंबू खाल्ले की स्कर्व्ही बरा होतो. सेरुलोप्लाझ्मिन आणि विल्सनचा आजार यांचे नाते दोन भावंडांसारखे आहे, मायलेकरांसारखे नाही. एकाच तक्त्यात, एकाच मथळ्याखाली दोन्ही नाती बसवली की विद्यार्थी दोन्ही सारखीच समजतो. परीक्षेत त्याला गुण मिळतात. तोटा होतो तो पुढे केव्हातरी, घरात कोणाचा तरी कागद हाती आल्यावर.

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. कारण नसेना का, पण खूण म्हणून तरी हा आकडा विश्वासू आहे का?

सेरुलोप्लाझ्मिन हे ज्या प्रथिनांच्या गटात मोडते ती दाहाच्या वेळी वाढणारी प्रथिने आहेत. शरीरात कुठेही संसर्ग झाला, जखम झाली, सांधे सुजले, की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखे निरोप रक्तात सोडतात आणि यकृत आपले उत्पादन बदलते. काही प्रथिनांचे उत्पादन कमी होते, तर काहींचे वाढते. सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन, ज्याची चाचणी आता गावोगावच्या प्रयोगशाळांत होते, ते हजारपटीपर्यंतही वाढू शकते. सेरुलोप्लाझ्मिनची वाढ त्या मानाने किरकोळ असते, साधारण दीडपट. पण दीडपट ही किरकोळ केव्हा, तर सीमारेषा लांब असेल तेव्हा. प्रौढांसाठी नेहमीची मर्यादा डेसिलिटरमागे २० ते ४० मिलिग्रॅम अशी धरतात. विल्सनचा आजार असलेल्या मुलाचे प्रमाण १४ असेल आणि त्या आठवड्यात त्याला ताप असेल, तर दीडपटीने ते २१ होते. आकडा रेषा ओलांडतो आणि शेजारच्या रकान्यात यंत्र इमानाने 'सामान्य' असे छापते. यातला उपरोध असा की या आजारात यकृताला येणारी सूज हीसुद्धा एक दाहच आहे. आजार स्वतःची खूण स्वतःच पुसू शकतो.

वाढवणारी इतर कारणेही आहेत. गरोदरपण आणि वर सांगितलेल्या गोळ्या. उलट बाजूला, आजार नसतानाही प्रमाण कमी करणारी कारणे आहेत. नवजात बालकात ते स्वभावतःच कमी असते आणि पहिल्या काही महिन्यांत वाढत जाते. मूत्रातून प्रथिने वाहून जाणारा मूत्रपिंडाचा विकार, कुपोषण, कोणत्याही कारणाने यकृत निकामी होणे, आहारात तांब्याची खरी उणीव, तांबे आतड्यातून शोषलेच न जाणारा मेन्केसचा आजार या सर्वांत ते घटते. आणि मोजण्याची पद्धतही मध्ये येते. आज बहुतेक ठिकाणी प्रतिपिंडांच्या साह्याने मोजणी होते. ती पद्धत तांबे भरलेले आणि रिकामे असे दोन्ही रेणू मोजते, आणि रुग्णाचा आकडा थोडा फुगतो. जुन्या पद्धतीत प्रथिनाची ऑक्सिडीकरणाची क्षमता एका रंगबदलावरून मोजत. त्यात रिकामे रेणू धरले जात नसत. यंत्रे सोयीची झाली, पण दोन प्रयोगशाळांतले आकडे त्यामुळे शेजारीशेजारी ठेवता येतीलच असे नाही.

एवढी माणसे एकाच आकड्यात ढवळाढवळ करत असताना तो कितपत सांगू शकतो? याचे प्रत्यक्ष उत्तर व्हिएन्नामध्ये शोधले गेले. यकृताच्या तक्रारींसाठी तपासणीला आलेल्या २,८६७ रुग्णांचे सेरुलोप्लाझ्मिन मोजण्यात आले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १७ जणांचे प्रमाण कमी निघाले, आणि त्या सतरांपैकी विल्सनचा आजार होता फक्त एकाला. उरलेले सोळा दुसऱ्याच कारणांनी रेषेखाली आलेले.

हा निकाल पाहून चाचणी टाकाऊ आहे असे म्हणायचा मोह होतो. आम्हाला तसे वाटत नाही, आणि का ते वर्गात फळ्यावर मांडता येण्याजोगे आहे. नववी-दहावीच्या मुलांना जमेल एवढेच गणित आहे.

विल्सनचा आजार अप्रबल आहे. म्हणजे बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, मिळाल्या तरच तो होतो. जुन्या ढोबळ अंदाजाप्रमाणे ३०,००० माणसांत एक रुग्ण धरू. (अलीकडच्या जनुकीय पाहण्यांवरून प्रमाण याहून जास्त असावे असे दिसते, पण गणिताला हा आकडा चालेल.) ३०,००० चे वर्गमूळ सुमारे १७३. म्हणजे दर १७३ जनुकांत एक बिघडलेला. मग एकच बिघडलेली प्रत असणारे निरोगी वाहक किती? साधारण १७३ मध्ये दोन, म्हणजे ८७ माणसांत एक. पुष्कळच झाले. आता तीन लाख मुलांची सरसकट तपासणी केली असे समजू. त्यांत रुग्ण १० असतील, वाहक सुमारे ३,४५०. या वाहकांपैकी साधारण पाचांत एकाचे सेरुलोप्लाझ्मिन थोडे कमी असते, हे माहीत आहे. म्हणजे केवळ वाहकांमुळे जवळजवळ ६९० कागदांवर 'कमी' असा शेरा येईल, आणि त्यांना आजार मुळीच नसेल. बाकीची कारणे अजून धरलेलीच नाहीत. सातशे कागद आणि त्यांत जेमतेम दहा रुग्ण.

आता तीच चाचणी, तीच रेषा, पण फक्त रुग्णांच्या सख्ख्या भावंडांवर करू. मेंडेलच्या नियमाप्रमाणे १०० भावंडांत २५ रुग्ण, ५० वाहक आणि २५ पूर्ण निर्दोष. समजा २५ रुग्णांपैकी २० जणांचे प्रमाण कमी निघाले आणि वाहकांपैकी पाचांत एक म्हणजे १० जणांचे. एकूण ३० कागदांवर 'कमी' आणि त्यांतले २० खरे रुग्ण. तीनांत दोन! तीन लाख मुलांत ज्या शेऱ्याला सत्तरांत एक एवढीच किंमत होती, त्याच शेऱ्याची किंमत इथे तीनांत दोन झाली. रक्तातला आकडा बदलला नाही. माणूस कोणत्या घरातून आला ते बदलले. आणि उरलेले पाच रुग्ण विसरून चालणार नाही. त्यांच्या कागदावर 'सामान्य' आहे आणि ते घरी चालले आहेत.

प्रयोगशाळेच्या छापील कागदावर आमचा मुख्य आक्षेप आहे तो इथे. त्यावर नाव, वय, आकडा आणि मर्यादा असते. मुलाला गेल्या पंधरवड्यात ताप होता का, त्याच्या घरात रुग्ण आहे का, मोजणी कोणत्या पद्धतीने केली, यातले काही नसते. यंत्राने आकडा रेषेशी ताडून शेरा दिला की काम संपले. डॉक्टर हे सगळे विचारतात, चांगले डॉक्टर तर आकड्याआधी विचारतात. पण आज कागद डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या फोनवर येतो, आणि घरचे लोक तक्ता शिकलेले असतात.

या विषयातल्या तज्ज्ञांनी एकाच आकड्यावर भिस्त ठेवणे केव्हाच सोडले आहे. २००१ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग येथे ठरलेली गुणपद्धती आजही वापरतात. तीत सेरुलोप्लाझ्मिन १० पेक्षा कमी असेल तर दोन गुण, १० ते २० मध्ये असेल तर एक, त्यावर असेल तर शून्य. डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला दिसणारी तांब्याची तपकिरी-हिरवट कडी, चोवीस तासांच्या मूत्रातले तांबे, यकृताच्या तुकड्यातले तांबे, मज्जासंस्थेची लक्षणे, जनुकातले बदल, या सर्वांना वेगळे गुण. चार गुण भरले तर निदान पक्के. शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखाच हा प्रकार आहे. शून्य गुण मिळाले म्हणून मुलगा नापास होत नाही, आणि एका विषयाच्या जोरावर पहिलाही येत नाही.

महाराष्ट्रातली एक जुनी हकीगत इथे आठवते. सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांना गाठणारा आणि बहुतेकांचा बळी घेणारा यकृताचा एक आजार आपल्याकडे होता. त्याला भारतीय बालयकृतकाठिण्य म्हणत. या मुलांच्या यकृतातले तांबे विल्सनच्या रुग्णांहूनही जास्त भरे. सेरुलोप्लाझ्मिन मात्र कमी नसे. नेहमीइतके, कधी वाढलेलेसुद्धा असे. तक्त्याच्या हिशेबाने हे अशक्य होते. पुण्याच्या भावे आणि पंडित या डॉक्टरांनी इंग्लंडच्या टॅनर यांच्याबरोबर १९८३ मध्ये आणि पुढे १९८७ मध्ये जे काम प्रसिद्ध केले त्यात रोख स्वयंपाकघराकडे वळला. तान्ह्या मुलांना लवकर वरचे दूध सुरू केलेले, आणि ते दूध कल्हई गेलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले. दुधातले केसीन तांबे धरून ठेवते. यंत्रणा शाबूत, पण आत येणारा माल बेसुमार. भांडी बदलली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. वंशपरंपरेचाही काही हात त्यात असावा असे पुष्कळांचे मत आहे. आमचा मुद्दा एवढाच की यकृत तांब्याने भरलेले असूनही हे निळे प्रथिन गप्प राहू शकते. ते तांब्याच्या साठ्याचे माप नव्हे.

पुन्हा त्या दोन कागदांकडे येतो. दुसऱ्या तपासणीच्या वेळी मुलाला काय झाले होते, असे आम्ही विचारले. बाईंनी बहिणीला तिथूनच फोन लावला. घसा सुजला होता, चार दिवस ताप होता, प्रतिजैविके चालू होती. दवाखान्यात गेलोच होतो म्हणून रक्तही देऊन टाकले, असे उत्तर आले. १८ चे २४ होण्यास एवढे पुरेसे होते. आम्ही वैद्यकाचे डॉक्टर नाही, हे स्पष्ट सांगितले आणि मुलाला पुन्हा मूळ तज्ज्ञांकडेच नेण्याचा आग्रह धरला. कुटुंबाने आधीच चार महिने त्या दुसऱ्या कागदावर विसंबून घालवले होते. तज्ज्ञांनी ताप गेल्यावर तपासणी करवली, मूत्रातले तांबे मोजले आणि बहिणीच्या जनुकात सापडलेले दोन बदल भावाच्या रक्तात शोधले. या जनुकात शेकडो प्रकारचे बदल माहीत आहेत, त्यामुळे अंधारात शोधणे कठीण. पण घरातल्या एका रुग्णाचे दोन्ही बदल ठाऊक असले की भावंडांत ते आहेत की नाहीत एवढेच पाहायचे असते. मुलात दोन्ही सापडले.

त्याला एकही लक्षण नव्हते. डोळ्यांत कडी नव्हती. अशा अवस्थेत औषध सुरू केले तर आजार प्रकट होणे टाळता येते, हे स्टर्नलीब आणि शाइनबर्ग यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले आहे. हा शाइनबर्ग तोच, ज्याच्या १९५२ च्या निरीक्षणातून तक्त्यातली ओळ जन्माला आली. औषधेही नवी नाहीत. तांब्याला धरून मूत्रावाटे बाहेर नेणारे पेनिसिलामाइन वॉल्श यांनी १९५६ मध्ये वापरात आणले, आणि आतड्यात तांब्याचे शोषण रोखणारे जस्त त्यानंतर आले. औषध जन्मभर घ्यावे लागते. याच कारणाने उलटी चूकही हलकी नाही. निरोगी वाहक मुलाला केवळ 'कमी' या शेऱ्यावर रुग्ण ठरवले तर तोही जन्मभर गोळ्या घेईल.

मोठ्या बहिणीचे मात्र उशिरा कळले. तिचे अक्षर आठवीत बिघडू लागले होते. ओळी वाकड्या, अक्षरे बारीक व तुटक. मग बोलणे जड झाले, गुण घसरले, चिडचिड वाढली. शाळेत ते आळस आणि वयाचा परिणाम म्हणून गणले गेले, घरी मोबाईलचा. विल्सनचा आजार शाळकरी वयात मज्जासंस्थेतून प्रकट होतो तेव्हा पुष्कळदा तो असाच वहीत प्रथम दिसतो. अर्थात बिघडलेल्या प्रत्येक अक्षरामागे तांबे शोधू नये. हस्ताक्षराची चाचणीही आपण वर मांडलेल्या गणितातून सुटत नाही, आणि तीन लाख मुलांत वाईट अक्षराची मुले सातशेहून पुष्कळ जास्त निघतील! पण वर्षभर चांगले असलेले अक्षर, बोलणे आणि हाताची स्थिरता काही महिन्यांत एकत्र ढासळली, आणि सोबत कावीळ होऊन गेल्याची वा घरात यकृताच्या आजाराने कोणी लहान वयात गेल्याची हकीगत असली, तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे जायला सांगणे एवढे शिक्षकाला करता येते. पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंतचे अक्षर पाहिलेला माणूस तोच असतो.

बाईंनी जाताना विचारले होते, की मग तक्त्यातल्या त्या ओळीत उजवीकडे काय लिहू? 'पंपाचा बिघाड' लिहावे तर मथळा 'अभाव' असा आहे, तो जुळत नाही. आम्ही म्हटले, ती ओळ त्या तक्त्यातून काढा आणि फळ्यावर वेगळी घ्या, टपाल कार्यालयासकट. पुढच्या वर्षी त्यांनी तसे केले. वर्गातल्या एका मुलीने विचारले म्हणे, की गलगंडाची ओळ तरी त्या तक्त्यात बरोबर आहे का, कारण तिच्या आजीला आयोडीनचे मीठ खाऊनही गलगंड आहे. बाईंनी तो प्रश्न पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवला आहे.